गेमचा सर्व्हर पडला: भरपाई कशी मागायची आणि किती मागायची

ऑनलाइन गेमचा सर्व्हर पडल्याबरोबर कंपनीच्या सपोर्टला तिकीट (लेखी तक्रार) टाकू नका. पहिल्या तासात आलेलं तिकीट कोणी वाचत नाही. हे मी ठामपणे सांगते, कारण न वाचणाऱ्यांत मीही होते.

एका परदेशी गेम कंपनीचा सपोर्ट पुण्यातून चालायचा, विमाननगरमधल्या एका इमारतीत, आणि मी तिथे रात्रपाळीला असायचे. लॉग-इन होईनासं झालं की स्क्रीनच्या कोपऱ्यातला तिकिटांचा आकडा बघता बघता शेकड्यांत जायचा. मग टीम लीड खुर्चीतूनच ओरडायचा, "मास रिप्लाय मारा!" सगळी नवी तिकिटं एकदम सिलेक्ट करायची, ठरलेलं उत्तर टाकायचं (अडचणीची कल्पना आहे, काम चालू आहे, संयमाबद्दल आभार) आणि 'सॉल्व्ह्ड' दाबायचं. त्या गठ्ठ्यात एखाद्याने पोटतिडकीने पानभर लिहून सबस्क्रिप्शनचे पैसे परत मागितलेले असले, तरी त्यालाही तेच उत्तर जायचं. तिकीट बंद, विषय बंद.

भरपाई द्यायची का, आणि द्यायची तर काय, हे त्या वेळी ठरलेलंच नसतं. ते ठरतं सर्व्हर परत सुरू झाल्यावर, पुढच्या दोन-चार दिवसांत आणि आमच्यापेक्षा बऱ्याच वरच्या टेबलावर. तुमचं तिकीट पोचायला हवं ते त्या दिवसांत. तोपर्यंत करायची कामं वेगळी आहेत.

आधी दोष कोणाचा ते बघा

वायफाय बंद करून मोबाइल डेटावर लॉग-इन करून बघा. तरीही जमलं नाही, तर दुसऱ्या गावातल्या आणि दुसऱ्या कंपनीचं नेट असलेल्या कोणाला तरी विचारा. माझा भाचा कोल्हापूरला असतो. "मावशी, तुझ्याकडे चालतंय का गं?" असा त्याचा फोन आला की मला कुठलंही स्टेटस पेज उघडावं लागत नाही. तरी ते उघडा, कारण पुढे त्याचा स्क्रीनशॉट लागणार आहे.

कधीकधी दोष तुमचाही नसतो आणि गेम कंपनीचाही नसतो. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ लाल समुद्रातल्या केबल तुटल्या आणि भारत-पाकिस्तानसह बऱ्याच देशांत नेट मंदावलं. अशा दिवशी युरोपच्या सर्व्हरवर खेळणाऱ्याने पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) वाढलं म्हणून गेम कंपनीकडे भरपाईचे दिवस मागण्यात अर्थ नाही. तिथला सर्व्हर ठणठणीत असतो, वाट तेवढी खचलेली असते.

ठरलेला मेंटेनन्सही भरपाईत धरू नका. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या अमेरिकन सर्व्हरचा साप्ताहिक मेंटेनन्स मंगळवारी तिकडच्या पॅसिफिक वेळेनुसार सकाळी सातला सुरू होतो. म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ. 'ईव्ह ऑनलाइन' रोज ११:०० यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळ), आपल्या दुपारी साडेचारला, थोडा वेळ बंद होतो. ऐन खेळायच्या वेळी गेम बंद होतो याचा आपल्याला राग येणारच. पण ही वेळ आधी जाहीर केलेली असते आणि तुम्ही पैसे भरलेत ते ती धरूनच. जाहीर केलेल्या वेळेपेक्षा मेंटेनन्स तासन् तास लांबला, तर मात्र तो वरचा वेळ मोजायला घ्या. असे तास बरेच जण सोडून देतात.

सर्व्हर बंद असतानाच जमवायचा पुरावा

एरर कोडचा स्क्रीनशॉट घ्या, त्यात तारीख आणि घड्याळ दिसलं पाहिजे. फोनवर खेळत असाल तर ते आपोआप येतं. टीव्हीवर किंवा मॉनिटरवर खेळत असाल तर शेजारी फोनचं घड्याळ धरून फोटो काढा. दिसायला विनोदी वाटतं, पण चालतं. कंपनीने स्टेटस पेजवर किंवा सोशल मीडियावर टाकलेली पोस्टही जपून ठेवा, कारण अशा पोस्ट नंतर बदलतात. सुरू आणि बंद झाल्याची वेळ भारतीय वेळेत आणि यूटीसीत लिहून ठेवा. यूटीसी म्हणजे आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा. तिकीट वाचणारी व्यक्ती पुण्यात बसलेली असली, तरी तिच्यासमोरचा लॉग यूटीसीतच असतो.

यानंतरचा पुरावा सगळ्यात कामाचा असतो आणि नेमका तोच कोणी ठेवत नाही. गेममधल्या ज्या ज्या गोष्टींना मुदत आहे, त्यांचं पान. बॅटल पासचे (सीझनपुरता विकत घ्यायचा बक्षिसांचा पास) उरलेले दिवस, वीकेंड इव्हेंटची शेवटची वेळ, चालू असलेला बूस्टर (ठरावीक वेळ प्रगती वाढवणारी वस्तू), रोजच्या लॉग-इनची साखळी. सर्व्हर पडल्यावर हे पान उघडता येत नाही, म्हणून पास किंवा बूस्टर घेतला की लगेच त्याचा एक स्क्रीनशॉट काढून ठेवायची सवय लावा. पैसे भरल्याची पावती मेलमध्ये असतेच. तिच्यावरचा ऑर्डर क्रमांक हाताशी ठेवा.

नुकसान नेमकं कशाचं झालं

इथे बहुतेक जण चुकीच्या जागी भांडतात. समजा महिन्याला ₹४९९ भरता. म्हणजे दिवसाला साधारण साडेसोळा रुपये. गेम अर्धा दिवस बंद राहिला तर तुमचे गेले सव्वाआठ रुपये. सव्वाआठ रुपयांच्या रिफंडसाठी कोणी तिकीट टाकलं की आमच्याकडे ते एकमेकांना वाचून दाखवलं जायचं. वाईट आहे, पण खरं आहे.

महिन्याच्या ७२० तासांतले ९९.९ टक्के तास सेवा चालू राहिली, तरी ४३ मिनिटं बंद राहू शकते. ९९ टक्के धरले तर सात तासांच्या वर. गेमच्या अटींमध्ये तर असा कुठला टक्का बहुधा नसतोच. 'सेवा जशी आहे तशी' असं एक वाक्य टाकून मोकळे होतात. तेव्हा दर तासाच्या हिशेबाने मागायला गेलात, तर हातात चिल्लर येते आणि तीही भांडून.

खरं नुकसान असतं मुदतीच्या वस्तूंचं. शुक्रवारी रात्री २४ तासांचा बूस्टर घेतला आणि त्यातले वीस तास सर्व्हर बंद. बूस्टरचं घड्याळ थांबलं नाही, म्हणजे विकत घेतलेली वस्तू तुमच्या हाती लागण्याआधीच संपली. सीझनचा शेवटचा रविवार गेला आणि पासच्या शेवटच्या दोन पायऱ्या राहिल्या. पुन्हा न येणाऱ्या इव्हेंटचं बक्षीस हुकलं. बॉसला मारल्यावर सर्व्हर कोसळला, परत आला तो मागच्या सेव्हवर, आणि मिळालेली वस्तू नाहीशी. ही मागणी सव्वाआठ रुपयांची नाही. शिवाय एजंटच्या हातात असतं ते हेच. रोख पैसे परत करायचं बटण माझ्या स्क्रीनवर नव्हतं. हरवलेली वस्तू खात्यात परत टाकायचं बटण होतं, आणि थोडे दिवस जोडायचंही.

ऑफिसात रजा टाकून बसला होतात, मित्र मुंबईहून खास आले होते, पोरांचा सुट्टीतला शनिवार गेला, हे सगळं मान्य. त्याचे पैसे कोणी देत नाही. तिकिटात ते लिहूही नका, मूळ मुद्दा पातळ होतो.

गेम फुकट असला तर? बीजीएमआय (मोबाइलवरचा 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया') फुकट आहे, पण रॉयल पास विकत मिळतो. तो घेतला असेल तर त्या पासापुरते तुम्ही पैसे भरणारे ग्राहक आहात आणि त्यापुरतं मागू शकता. काहीच विकत घेतलेलं नसेल तर तुमच्या वाट्याला येईल ती कंपनीची मेहेरबानी.

किती मागायचं: आजवर काय मिळालंय ते बघून

भाव ठरवायला जुने सौदे बघावे लागतात, आणि या धंद्यात ते बरेच आहेत.

२०१४ च्या नाताळात लिझर्ड स्क्वॉड नावाच्या टोळीने प्लेस्टेशन नेटवर्क आणि एक्सबॉक्स लाइव्हवर खोट्या ट्रॅफिकचा मारा केला. नवा कन्सोल उघडून बसलेली पोरं लॉग-इनच्या पानावर अडकली. सोनीने प्लसच्या (प्लेस्टेशनचं पैसे भरून घ्यायचं सभासदत्व) सभासदांना पाच दिवस वाढवून दिले आणि एका खरेदीवर १० टक्के सूट दिली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वॉरक्राफ्टचा 'वॉरलॉर्ड्स ऑफ ड्रेनॉर' हा नवा भाग आला, तेव्हा पहिले काही दिवस लोकांना आत शिरताच येईना. वॉरक्राफ्टवाल्या ब्लिझर्डनेही पाचच दिवस दिले. मग ७ फेब्रुवारी २०२५. शुक्रवारी संध्याकाळी अमेरिकेत प्लेस्टेशन नेटवर्क पडलं आणि जवळजवळ २४ तास बंद राहिलं. आपल्याकडे शनिवार अख्खा गेला. सोनीने कारण दिलं 'ऑपरेशनल अडचण', एवढंच. आणि प्लसच्या सभासदांना न मागता पाच दिवस जोडले.

एक दिवस बंद, पाच दिवस परत. नियम म्हणून कुठे लिहिलेला नाही, पण हा जणू चालू भाव आहे. याचं कारण सोपं आहे. जोडलेल्या दिवसांसाठी कंपनीच्या खिशातून रोकड जात नाही, आणि दिवस जोडलेला माणूस महिनाभर तरी सोडून जात नाही. म्हणून तासाला तास असा हिशेब मांडूच नका. पूर्ण दिवस गेला असेल तर बेलाशक पाच दिवस मागा.

माझ्या मते सगळ्यात नीट हाताळलेलं प्रकरण 'फायनल फँटसी १४'चं. डिसेंबर २०२१ मध्ये त्याचा 'एन्डवॉकर' हा नवा भाग आला आणि एवढी गर्दी झाली की पैसे भरलेले लोक तासन् तास लॉग-इनच्या रांगेत उभे. रांगेत १७ हजारांच्या वर माणसं झाली की एरर २००२ येऊन बाहेर फेकायचा, पुन्हा सुरुवात. सर्व्हर पडला नव्हता, आतले लोक मजेत खेळत होते. एखाद्या कंपनीने इथे हात वर केले असते, की सेवा तर चालू आहे. स्क्वेअर एनिक्सने आधी सात दिवस फुकट दिले, मग आणखी १४. आणि चक्क गेमची विक्रीच थांबवली. जानेवारी २०२२ च्या शेवटापर्यंत नव्या माणसाला डिजिटल प्रत विकत मिळत नव्हती. निर्माता नाओकी योशिदा लांबलचक निवेदनं लिहून सांगत होता की जगभर सेमीकंडक्टरचा तुटवडा आहे, नवे सर्व्हर मिळत नाहीयेत, अमुक एररचा अर्थ हा. तुमच्या बाबतीत रांगेचा प्रश्न असेल तर या प्रकरणाचा दाखला तिकिटात द्या. आत शिरता आलं नाही म्हणजे सेवा मिळाली नाही, हे एका मोठ्या कंपनीने मान्य केलेलं आहे.

उलट टोकाला २०११ चं प्लेस्टेशन. २० एप्रिलला सोनीने नेटवर्क बंद केलं, पण कोणीतरी आत शिरून सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती धोक्यात आणली आहे, हे लोकांना सांगितलं २६ तारखेला. सेवा हळूहळू परत यायला मे महिन्याचा मध्य उजाडला. तेव्हा ऑनलाइन खेळणं पीएस३ वर फुकट होतं, तरी सगळ्यांना पाचातले दोन गेम निवडून घ्यायला दिले आणि प्लस नसलेल्यांना ३० दिवस प्लस. पुढे जानेवारी २०१३ मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी अडीच लाख पौंड दंड केला, तो बंद राहिलेल्या दिवसांसाठी नव्हता, माहिती नीट न सांभाळल्याबद्दल होता. माहिती फुटली असेल तर खेळाचे दिवस मागत बसू नका. आधी पासवर्ड बदला, कार्ड ब्लॉक करा, आणि कंपनीकडून काय काय फुटलं ते लेखी मागा.

गेम भेट देऊन बोळवण करायची पद्धतही जुनी. २००७ च्या नाताळात एक्सबॉक्स लाइव्ह गडगडलं, तेव्हा मायक्रोसॉफ्टने 'अंडरटो' नावाचा एक लहानसा गेम फुकट दिला. मार्च २०१३ मध्ये 'सिमसिटी' एकट्याने खेळायलाही सर्व्हर लागायचा आणि सर्व्हर काही मिळेना, तेव्हा त्याच्या कंपनीने, ईएने, दुसरा एक गेम निवडून घ्या म्हटलं. मला हे पटत नाही. ज्याला शहर बांधायचं होतं त्याला वेगळाच खेळ देऊन काय साधतं? पण आला तर घ्या. फक्त तो घेताना 'यापुढे माझी कुठलीही मागणी नाही' अशा ओळीवर टिक करायला लावत नाहीत ना, ते वाचा.

खणखणीत पैसे परत मिळालेले प्रसंग कमी आहेत. 'डायब्लो ३' मे २०१२ मध्ये आला आणि 'सर्व्हर व्यस्त आहे' म्हणणारा एरर ३७ जगप्रसिद्ध झाला. दक्षिण कोरियात तक्रारी एवढ्या झाल्या की तिथल्या फेअर ट्रेड कमिशनने ब्लिझर्डच्या ऑफिसवर छापा घातला. त्यानंतर लेव्हल ४० पर्यंतच्या खेळाडूंना रिफंड देऊ केला गेला. तिकिटांनी हललं नसतं ते सरकारी यंत्रणेने हलवलं.

आणखी एक गोष्ट सांगते, वाद घालायला उपयोगी पडते. २० ऑक्टोबर २०२५ ला अॅमेझॉनच्या क्लाउडचं व्हर्जिनियातलं केंद्र बिघडलं आणि फोर्टनाइट, रोब्लॉक्स सगळं झोपलं. अशा वेळी गेम कंपन्या म्हणतात, आमचा काय दोष, आमचा पुरवठादार पडला. पण त्याच पुरवठादाराबरोबरच्या करारात भरपाईचा तक्ता असतो. अॅमेझॉनच्या ईसी२ (भाड्याने सर्व्हर देणाऱ्या) सेवेचा महिन्याचा चालू वेळ ९९.९९ टक्क्यांखाली गेला तर बिलाच्या १० टक्के क्रेडिट, ९९ खाली गेला तर ३०, आणि ९५ खाली गेला तर पूर्ण १००. तेही मुदतीत अर्ज केला तरच. म्हणजे सेवा बंद राहिली तर बिल कमी व्हावं, हे तत्त्व कंपन्यांना स्वतःपुरतं पूर्ण मान्य आहे. आपल्यापर्यंत येताना ते वाटेत कुठेतरी गळतं.

तिकीट कसं लिहायचं

गेम परत सुरू झाल्यावर दोन दिवस थांबा, कंपनी आपणहून काही जाहीर करते का बघा. केलं आणि ते तुमच्या खात्यात आलं, तर तेवढ्या पुरतं ठीक. मग फक्त मुदतीच्या वस्तूंसाठी लिहा. काहीच जाहीर केलं नाही तर सगळ्यासाठी लिहा. तिकिटाचा प्रकार 'टेक्निकल' निवडू नका, 'बिलिंग' किंवा 'हरवलेली वस्तू' निवडा. टेक्निकलची रांग मास रिप्लायच्या तोंडी जाते.

खातं आईच्या किंवा बाबांच्या कार्डावर असेल तर तिकीट त्यांच्याच मेलवरून जाऊ दे. भाच्याचं एकदा असंच झालं. खातं माझ्या बहिणीच्या नावावर, तिकीट त्याच्या मेलवरून. सपोर्टचं उत्तर आलं, खातेदाराशीच बोलू. मग ताईला बसवून तिच्याकडून पाठवलं. "मला यातलं ओ की ठो कळत नाही," म्हणत तिने पाठवलं, आणि दिवस जोडून मिळाले.

मजकूर इंग्रजीत पाठवा, पण सांगायचं एवढंच:

"माझं खातं अमुक, मासिक सबस्क्रिप्शन, ऑर्डर क्रमांक तमुक. शनिवारी सकाळी सहापासून रविवारी पहाटे पाचपर्यंत (भारतीय वेळ, यूटीसी वेळ सोबत) लॉग-इन झालं नाही. एरर कोडचा स्क्रीनशॉट जोडला आहे. या काळात शुक्रवारी रात्री विकत घेतलेला २४ तासांचा बूस्टर संपला आणि वीकेंड इव्हेंटचा पहिला दिवस गेला. बूस्टर पुन्हा जमा करावा, इव्हेंटचं बक्षीस द्यावं किंवा मुदत वाढवावी, आणि सबस्क्रिप्शनला पाच दिवस जोडावेत. हे आपल्या अधिकारात नसल्यास ज्यांच्या अधिकारात आहे त्यांच्याकडे तिकीट पाठवावं आणि तसं कळवावं."

शेवटचं वाक्य विसरू नका. एजंटला दर तिकिटामागे मोजकी मिनिटं मिळतात आणि नाही म्हणणं सगळ्यात जलद असतं. पण 'वर पाठवा' असं लेखी मागितलेलं तिकीट तसंच बंद केलं आणि नंतर ते तपासणीत सापडलं, तर एजंटचे गुण कापले जातात. मीही अशी तिकिटं पुढे ढकलायचे ती गुणांच्याच भीतीने. शिव्या घालू नका. नीतीचा प्रश्न राहू दे बाजूला. शिवी दिसली की तिकीट वेगळ्या शेऱ्याने बंद करायची आम्हाला मुभा होती, आणि रात्री तीन वाजता माणूस मुभा वापरतो.

एजंटच्या स्क्रीनवर तुमच्या नावाशेजारी काय दिसतं, तेही जाता जाता सांगून टाकते. खातं कधी उघडलं, आजवर किती पैसे खर्च केले, आधी किती वेळा काय मागितलं. खर्चाचा आकडा मोठा असेल तर हात सैल होतो. लहान असेल तरी घाबरू नका, पण महिन्याला तीन-तीन तिकिटं टाकून आपलं नाव खराब करू नका.

'नाही' आलं तर

गेम कुठून घेतला ते आधी आठवा. गूगल प्लेवरून घेतलेल्या खरेदीचा रिफंड ४८ तासांच्या आत गूगलकडेच मागता येतो. अॅपलचं स्वतःचं तक्रारीचं पान आहे. स्टीमवर खरेदीला १४ दिवस झालेले नसतील आणि खेळ दोन तासांहून कमी असेल तर रिफंड मिळतो. नवा गेम घेतला आणि पहिल्याच आठवड्यात सर्व्हर मिळेना, तर हा रस्ता सपोर्टपेक्षा जवळचा. मात्र लॉग-इनच्या रांगेत गेम उघडा ठेवून बसलात तर तो वेळही खेळलेला म्हणून धरला जाऊ शकतो. बंद करून उठा.

यानंतरचा टप्पा कायद्याचा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे पैसे घेऊन दिलेली सेवा नीट दिली नाही तर ती सेवेतली त्रुटी. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. भारतातल्या ग्राहकांना नियमित विक्री करणाऱ्या परदेशी कंपन्याही या नियमांत येतात. तक्रार अधिकाऱ्याचा मेल पत्ता वेबसाइटच्या तळाशी बारीक अक्षरात सापडतो. तुमचं तेच पत्र तिकीट क्रमांकासह तिथे पाठवा. नुसतं 'ग्रिव्हन्स ऑफिसर' असं नाव घातलं तरी पत्र सपोर्टच्या रांगेतून निघून दुसऱ्या माणसाच्या टेबलावर जातं.

तिथेही नन्नाचा पाढा असेल तर १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. फोन मराठीत बोलून करता येतो. हेल्पलाइन निकाल देत नाही, कंपनीकडे तक्रार पाठवून उत्तर मागते. पण बऱ्याचदा तेवढ्यावर काम होतं.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोग, ज्याला आपण अजून ग्राहक मंचच म्हणतो. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही, तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. कॅलिफोर्निया किंवा टोकियोला जावं लागत नाही. अटींमध्ये 'वाद लवादाकडेच न्यावा' असं लिहिलेलं असलं, तरी ग्राहक आयोगाचं दार त्याने बंद होत नाही. एमार एमजीएफ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे सांगितलेलं आहे. मुदत दोन वर्षांची.

पण साडेसोळा रुपयांसाठी तिथे जाऊ नका. तारखा पडतात, परदेशी कंपनीला नोटीस पोचवण्यात महिने जातात. जायचं ते वर्षाचे पैसे आगाऊ घेऊन सेवाच गुंडाळली, कबूल केलेला रिफंड दिला नाही, किंवा पैसे देऊन घेतलेल्या वस्तूंसकट खातं बंद केलं, अशा वेळी. आणि पैसे लावून खेळायच्या गेमचा विषय यात आणू नका. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने त्यांवर बंदी आणली आहे. सबस्क्रिप्शन भरून खेळायचे गेम त्यात मोडत नाहीत.

बँकेकडे धावण्याआधी

रागाच्या भरात लोक कार्ड कंपनीकडे चार्जबॅक (झालेला व्यवहार उलटवायची मागणी) टाकतात. बँक पैसे परत देईलही, पण बऱ्याच गेम कंपन्या चार्जबॅक आला की खातंच बंद करतात, आणि त्याबरोबर वर्षानुवर्षं जमवलेलं सगळं जातं. खातं कायमचं सोडायची तयारी असेल तरच त्या वाटेला जा.

नुसतं पुढचे पैसे थांबवायचे असतील तर ते सोपं आहे. रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेट (आपोआप पैसे कापायला दिलेली परवानगी) नियमांमुळे कार्डावरून आपोआप पैसे कापायच्या किमान २४ तास आधी तुम्हाला मेसेज येतो. त्यातूनच मँडेट बंद करता येतं. यूपीआयवर असेल तर अॅपमध्ये 'ऑटो-पे' उघडून रद्द करा. मात्र बँकेकडचं मँडेट रद्द केलं म्हणजे गेममधलं सबस्क्रिप्शन रद्द झालं असं नाही. ते खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन वेगळं रद्द करा आणि रद्द झाल्याचा मेल ठेवा. भरपाईचे दिवस जोडून आले असतील तर ते आधी वापरून घ्या. काही ठिकाणी रद्द केल्यावर भरलेल्या मुदतीपर्यंत खेळता येतं, पण फुकट जोडलेले दिवस त्याच क्षणी उडतात.